जानराव निंघोटांची सरकारी पंगत

मोर्शी तालुक्यात लग्न ठरलं की आधी मुहूर्त पाहायचे आणि लगेच जानराव निंघोटांना रजा मिळते का ते पाहायचे. मुहूर्त पुढंमागं झाला तर चालून जायचं, पण पंगतीवर जानराव नसले की पोरीचा बाप रडकुंडीला यायचा. तसा माणूस अमरावतीच्या सरकारी कचेरीतला अव्वल कारकून, अंगानं किरकोळ, बोलण्यात मवाळ. पण एकदा का डोक्याला दुपट्टा बांधून, हातात वरणाची बादली घेऊन उभा राहिला, की अर्ध्या पोटी उठायची कोणाची टाप नव्हती.

एका लग्नात एक इंजिनिअर जावई पानावर आडवा हात धरून बसला. पुरे म्हणाला. बापा, जानरावांपुढं पुरे! त्यांनी हाताच्या वरूनच वरण ओतलं. जावयाची बोटं पोळली, वरण ओघळून भातावर गेलं आणि जानराव शांतपणे पुढच्या पानाकडे वळले. मागाहून कोणी विचारलं तर म्हणाले, "हात आडवा करणाराच खरा उपाशी असते. पोट भरलेला माणूस उठून जाते, तो हात कायले धरीन?" आता याला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा.

असा साऱ्या जगाला पोटभर घालणारा माणूस स्वतः मात्र सोमवार ते शुक्रवार मेसचा डबा खायचा. त्यांची बायको शकुन अकोल्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. लग्न झालं तेव्हाच ती तिकडे आणि हे इकडे. पती-पत्नीला एका गावी आणायची सरकारात सोय आहे, तिला नावही मोठं गोड आहे, एकत्रीकरण. जानराव दरवर्षी अर्ज करायचे आणि दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. कधी निवडणूक, कधी जनगणना, कधी साहेबच बदलून गेले. पोरगं अकोल्यात वाढलं, शिकलं, नागपूरला नोकरीला लागलं. शनिवारी जानराव बसनं घरी पोचले की शकुन दारात म्हणायची, "या, बसा." बायकोनं नवऱ्याला बसा म्हणायचं! हा काय संसार झाला? अमरावतीत हा माणूस उपरा आणि अकोल्यात पाव्हणा. निवृत्ती आता जवळ दिसायला लागली होती आणि त्यांची इच्छा एवढीशी होती, की एखाद्या मंगळवारी संध्याकाळी बायकोशेजारी बसून तिच्या हातची भाकर खावी. शनिवारी नाही. मंगळवारी. मंगळवारी जो माणूस घरी जेवतो तो घरचा.

तर अशा या जानरावांची बदली झाली, पण अकोल्याला नाही. अमरावतीतच, विभागीय विदा व कृत्रिम बुद्धिमत्ता कार्यालयात. विदा म्हणजे डेटा, हे त्यांना तिथं गेल्यावर कळलं. एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या इमारतीत हे कार्यालय थाटलं होतं. भिंतींना पांढरा रंग, आत थंडगार एसी, आणि कोपऱ्याकोपऱ्यातून अजूनही सरकीचा वास. काम असं, की सगळ्या खात्यांची माहिती एका जागी गोळा करायची, एआयनं तिच्यातून उत्तरं काढायची आणि ज्या खात्याला जे लागेल ते द्यायचं. सारं सज्ज होतं. फक्त मागायला कोणी येत नव्हतं. दिवाळी गेली, संक्रांत गेली, चिटपाखरू फिरकलं नाही. फिरकणार कसं? माहिती मागितली की मग तिच्यावर काहीतरी करावं लागतं, एवढी अक्कल सरकारी खात्यांना उपजतच असते.

कार्यालयाच्या प्रमुख रागिणी मॅडम पुण्याच्या. पोरगी हुशार, मनानं चांगली, पण पार घायकुतीला आलेली. मुंबईहून समिती येणार होती आणि तिला 'सेवा वितरण प्रारूप' दाखवायचं होतं. म्हणजे या कार्यालयाची सेवा खात्यांपर्यंत पोचणार कशी, त्याचा नकाशा. एका सल्लागार कंपनीनं एक करून दिला होता. त्यात गोल होते, बाण होते, आणि कोणत्याही गोलातून निघालं तरी बाण फिरून मॅडमच्याच टेबलावर यायचा.

"निंघोट, तुम्हाला काही सुचतंय का?" एके दुपारी मॅडमनी विचारलं. खरं तर त्यांनी भिंतीला विचारलं होतं, जानराव मध्ये उभे होते.

जानरावांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला. "मॅडम, सैपाक झालेला हाये?"

"म्हणजे?"

"डेटा हाये ना तयार?"

"आहे."

"पाव्हणे भुके हायेत?"

"हो, पण त्यांना ते माहीत नाही."

"मंग हे पंगत हाये, मॅडम. तुमी पाव्हण्याले सैपाकघरात बोलावून राहिल्या. पाव्हणा कधी उठून येते काय? बादली घेऊन आपल्याले त्याच्या पानापाशी जा लागते."

मॅडमनी सल्लागारांचा नकाशा टराटरा फाडला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथं तर अख्खी बादली मिळाली होती. त्या म्हणाल्या, "हे करून दाखवा. समितीनं मंजूर केलं तर तुमच्या अकोल्याच्या बदलीवर पहिली सही माझी."

जानरावांना डोळ्यांसमोर मंगळवार दिसला.

मग काय विचारता! कार्यालयात पंगत सजली. वकार नावाचा कंत्राटी इंजिनिअर होता, अकोल्याच्या ताजनापेठेतला. शनिवारच्या बसमध्ये जानरावांच्या शेजारी बसणारा, म्हणून त्यांना काका म्हणायचा. त्यानं एआयला पंगत शिकवायला घेतली आणि त्या एआयचं नाव ठेवलं 'वाढपी'. जानराव सांगत गेले, वकार लिहीत गेला. कोणी मागो न मागो, आपण जायचं. एकदा वाढून थांबायचं नाही, दुसऱ्यांदा आग्रहानं वाढायचंच, आणि तोच पदार्थ वेगळ्या तऱ्हेनं वाढायचा, म्हणजे पाव्हण्याला कंटाळा येत नाही. एकदा पानात पडलं ते पडलं, उष्टं उचलून परत पातेल्यात टाकायचं नाही. आणि वाढणाऱ्यानं सगळ्यांच्या शेवटी बसायचं, हे तर आलंच.

मॅडमनी सगळं नीट वाचलं आणि पुण्याच्या माणसाला जी शंका यावी तीच त्यांना आली. "एखाद्याला नकोच असेल तर? नाही म्हणायची सोय पाहिजे ना."

"आडवा हात?" जानराव हसले. "मॅडम, हात आडवा करणाराच खरा उपाशी असते."

"काका बराबर बोल रहे," वकार म्हणाला. त्याच्या निकाहाच्या दावतीत जानरावांनीच वाढलं होतं, त्याचे मामू अजून त्या आठवणीनं कण्हतात. झालं, नाही म्हणायची सोय ठेवलीच नाही.

पहिलं पान मांडलं कृषी खात्यातल्या भगवंतरावांसमोर. बिचाऱ्यांनी काही मागितलं नव्हतं. फक्त जानरावांशी फोनवर बोलताना म्हणाले होते, यंदा मोर्शीकडे पाऊस कसा काय झाला बुवा. बस! वाढप्यानं मोर्शीचा पाऊस वाढला. त्यावर शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांची झाडं वाढली, आग्रहानं विहिरींचं पाणी वाढलं, वरून कुत्रे चावलेल्यांची संख्या वाढली. तेवढ्यात जानराव स्वतः छापील गठ्ठा घेऊन दारात हजर.

"अवो जानरावभाऊ, पुरे ना बापा. कुत्र्याचं मी काय करू?"

"घ्या वो, लाजता कायले? संत्र्याची झाडं तं तुमी चाखलीच नाई."

भगवंतराव संडासात जाऊन बसले. जानरावांनी दाराच्या फटीतून रिद्धपूरच्या यात्रेची आकडेवारी सरकवली. भगवंतराव आतून म्हणाले, "मी इथं नाही." वाढप्यानं त्याचीही नोंद केली आणि उपस्थित नसलेल्यांसाठी वेगळा डबा पाठवला.

महिनाभरात अमरावती विभागातली सगळी खाती जेरीस आली. नको म्हटलं की दुपटीनं वाढलं जातं, वाचत बसलं की ते रुचलं असं समजून आणखी येतं. शेवटी साऱ्यांनी मिळून एक शहाणपणाचा मार्ग काढला. वाढपीकडून जे येईल त्यावर डोळे मिटून सही करायची, 'स्वीकारले' असा शिक्का मारायचा, की तो पुढच्या पानाकडे वळतो. कचेऱ्या-कचेऱ्यांत वाढपीसाठी वेगळा शिक्का तयार झाला. सरकारात इतक्या झपाट्यानं कामं कधी झाली नव्हती. काय होत होतं ते मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं.

समिती आली. आलेल्या साहेबांना जानरावांनी रोडगे आणि वांग्याची भाजी खाऊ घातली, त्यामुळे त्यांना नीट बसवतही नव्हतं. अध्यक्षांनी ढेकर आवरत विचारलं, "एकाही खात्यानं एकदाही सेवा नाकारली नाही?"

"एकही नकार नोंदलेला नाही, सर," मॅडम म्हणाल्या. यात शब्दशः काही खोटं नव्हतं.

अध्यक्ष गहिवरले. प्रारूप तिथल्या तिथं मंजूर झालं, शिक्का बसला, आणि विभागातले सारे अर्ज आणि आदेश यापुढं वाढपीतूनच जातील, समितीच्या परवानगीशिवाय प्रारूपात कानामात्राही बदलायचा नाही, असा ठराव झाला. गाड्या गेल्या. जानराव मॅडमच्या समोर उभे राहिले. मॅडमही शब्दाच्या पक्क्या. त्यांनी बदलीचा अर्ज काढला, वाढपीत घातला, सहीसाठी पेन उघडलं.

पडद्यावर उमटलं, 'वाढणाऱ्याचे पान शेवटी. पंगत सुरू आहे.'

मॅडमनी पुन्हा घातला. पुन्हा तेच. वकारनं खटपट केली, चष्मा पुसला, मग मान खाली घालून म्हणाला, "काका, तुमचाच नियम. पंगत उठल्याशिवाय आपल्या कार्यालयातल्याचं काम तो घेत नाई. आन् पंगत तं उठतच नाई, दुसरी वाढ, तिसरी वाढ. नियम बदलाचा तं समिती बोलवा लागीन."

जानराव खुर्चीत बसले. आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा, तोही इतक्या प्रेमानं निवडून! लग्नालग्नांतून शेवटच्या पंगतीला बसून ते बुंदीच्या चुऱ्यावर समाधान मानत आले होते. तेव्हा कधी वाईट वाटलं नाही. त्या दिवशी वाटलं. पण ऑफिसात कोणी रडतं का? ते पाणी प्यायले.

शनिवारी अकोल्याला जाऊन त्यांनी शकुनला सगळं सांगितलं. ती वांगी चिरत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी वाढपी हायेत. मी हावो काय?"

"म्हणजे?"

"मी तं पाव्हणी हावो ना. माह्या पानात कोण नाई म्हणते ते पायतेच मी."

सोमवारी शाळेला सुट्टी टाकून ही बाई अमरावतीला आली, ठेवणीतलं लुगडं नेसून. जिनिंगच्या इमारतीत शिरली आणि मॅडमसमोर बसली. "मॅडम, मी शकुन निंघोट, अकोल्याची. मले तुमच्या वाढप्याले काही मांगाचं हाये."

कार्यालय उघडल्यापासून आपल्या पायानं चालत येऊन काही मागणारी ही पहिलीच व्यक्ती. मॅडम उठून उभ्या राहिल्या. वकारनं खुर्ची पुसली, माईक पुढे केला. शकुननं वाढपीला वर्गातल्या पोराला सांगावं तसं स्पष्ट सांगितलं, "हे पाय, आमाले दोघांले एका घरात राहाचं हाये. लग्न झाल्यापासून राह्यलो नाई. वाढ."

वाढपीनं क्षणभराचाही वेळ घेतला नाही. पडद्यावर आदेश आला. जानराव निंघोट, अव्वल कारकून, यांची बदली अकोला येथे. मॅडमनी तिथल्या तिथं सही ठोकली. वकारनं टाळ्या वाजवल्या. जानराव नुसतेच दुपट्टा शोधत राहिले, जो त्यांनी आणलाच नव्हता. शकुननं डोळ्याला पदर लावला. कोणीतरी पेढे आणायला धावलं. मॅडम म्हणाल्या, "निंघोट, उद्या मंगळवार आहे ना?" कारण ते मंगळवारचं त्यांनाही ठाऊक झालं होतं.

आणि पेढे यायच्या आत पडद्यावर दुसरा आदेश आला.

शकुन निंघोट, शिक्षिका, यांची बदली अमरावती येथे.

"हे काय?" मॅडम ओरडल्या.

वकारचा आवाज बारीक झाला. "दुसरी वाढ, मॅडम. आग्रहाची. तोच पदार्थ, वेगळ्या तऱ्हेनं. काकांले तिकडे नेलं, आता काकूले इकडे आणलं. दोन्ही तऱ्हेनं एकत्र."

मॅडमनी शिक्षण खात्याच्या कचेरीत फोन लावला. तिकडे धर्मपाल नावाचे कारकून होते, मोठे अदबशीर. म्हणाले, "झाली ना मॅडम सही! तुमचं आलं की आमी लगेच करतो. वाचत बसलं तं अजून येते."

"परत घ्या ती!"

"परत?" पलीकडून धर्मपाल म्हणाले. "पानात पडलेलं उचलता येत नाई, मॅडम. तुमच्याच परिपत्रकात हाये. उष्टं होते."

जानराव वकारकडे वळले. "अरे, मंग अजून एक अर्ज घाल. मले इकडेच राहू दे."

"नका घालू, काका. तो पुन्हा दोन वाढीन. तुमी इकडे येसान, काकू परत तिकडे जाईन. वाढतच राहीन तो."

पेढे आले. कोणी डबा उघडला नाही. शकुन खुर्चीवर हात गुंडाळून बसली होती. रागावली असती तर बरं झालं असतं, जानरावांना तिच्या रागाची सवय होती, निदान शनिवारपुरती. तिनं फक्त विचारलं, "अवो, तुमच्या या पंगतीत पुरे म्हणाचं असलं, तं आडवा हात कोठी धराचा?"

मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं.

"ठेवलाच नाई, शकुन," जानराव म्हणाले.

आदेश म्हणजे आदेश. त्याच आठवड्यात जानराव अकोल्याला रुजू झाले आणि शकुनच्या रिकाम्या घरात राहायला गेले. शकुन अमरावतीच्या शाळेत रुजू झाली आणि जानरावांच्या भाड्याच्या खोलीत राहायला आली. मेसवाला डबा द्यायला आला, तर ही बाई दारात. त्यानं सवयीनं विचारलं, "जानरावभाऊ नाईत काय?" ती म्हणाली, "शनिवारी येतीन." आणि म्हणाल्यावर तिला हसू का रडू ते कळेना. तिकडे अकोल्यात शेजारीण जानरावांना म्हणाली, "या, बसा." आता बोला!

पुढच्या मंगळवारी मात्र शकुननं फोन केला. शाळा सुटल्यावर तिनं अमरावतीहून बस धरली, कचेरी सुटल्यावर जानरावांनी अकोल्याहून धरली, आणि दोघं मूर्तिजापूरच्या स्टँडवर उतरले, दोन गावांच्या बरोबर मधोमध. उन्हं कलली होती. सिमेंटच्या बाकावर, शेगावची बस लागते तिथं, शकुननं डबा उघडला. ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, वर मिरचीचा ठेचा. वर्तमानपत्राच्या कागदावर तिनं त्यांच्यापुढे मांडलं. जानराव जेवले. मंगळवार होता, बायको शेजारी होती, भाकर तिच्या हातची होती. इतकी वर्षं जे मागितलं होतं त्यातलं काहीच कमी नव्हतं.

"घ्या अजून अर्धी," शकुन म्हणाली आणि भाकर पुढे केली.

जानरावांनी कागदावर आडवा हात धरला. जन्मात पहिल्यांदा. "पुरे, शकुन."

तिचा हात तिथंच थांबला. भाकर तिनं परत डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. तिच्याकडे पाहता पाहता जानरावांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, भर स्टँडवर, लोकांसमोर.

"काहून वो?" शकुन घाबरली. "ठेचा लागला काय?"

"नाई," ते म्हणाले. "तू थांबली."

तेवढ्यात कंडक्टरनं अमरावती-अमरावती असा पुकारा केला. पाठोपाठ दुसऱ्यानं अकोला. शकुन पिशवी उचलून आपल्या बसकडे निघाली, जानराव आपल्या.